संत्र्याचा पाकातला केक: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात ‘पोर्तोकालोपिता’ या ग्रीक संत्र्याच्या केकची कृती दिली होती. फिलो नावाचे कागदासारखे पातळ पापुद्रे वाळवून चुरायचे, ते अंडी, दही, तेल आणि साखरेच्या मिश्रणात घालून भाजायचे आणि वर संत्र्याचा पाक ओतून मुरवायचे, असा हा प्रकार आहे. त्यात मैदा वेगळा पडत नाही. त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी ज्या शंका अनेकांच्या आहेत, त्या इथे थोडक्यात देऊन उत्तरे लिहिली आहेत.

मी सर्व काही कृतीप्रमाणे केले, तरी केक खालून शिऱ्यासारखा गिच्च झाला आणि वरचा थर कोरडाच राहिला. फिलो पाकिटातून काढून लगेच फाडून घातला होता. केक ओव्हनमधून काढल्याबरोबर उकळता पाक ओतला, तो तळाशी साचून राहिला. चूक कुठे झाली?
(घोडबंदर रस्ता, ठाणे)

चूक दोन ठिकाणी झाली, आणि दोन्ही आपल्या पत्रातच सापडतात.

पहिली फिलोची. फिलो म्हणजे मैदा, पाणी आणि थोडे तेल यांच्या पिठाचा अतिशय पातळ केलेला कच्चा पापुद्रा; ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘पान’ असाच आहे. पाकिटातून नुकताच काढलेला फिलो लवचीक असतो, कारण त्यात ओलावा असतो. तो तसाच मिश्रणात घातला की पापुद्रे एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात, आणि त्या गोळ्यांच्या आत मिश्रणही शिरत नाही आणि पुढे पाकही शिरत नाही. वाळलेला फिलो मात्र शिळ्या पावासारखा मिश्रण पिऊन घेतो, आणि भाजताना त्याच्या चुऱ्यात ज्या असंख्य बारीक पोकळ्या राहतात, त्यांतच पुढे पाकाला जागा मिळते. ग्रीसमध्ये पापुद्रे मोकळे पसरून काही तास हवेवर वाळत ठेवण्याची पद्धत आहे. ठाण्यात, त्यातही जून ते सप्टेंबर या काळात, ते जमणारे नाही. जिथे सकाळी तळलेला पापड दुपारच्या पंगतीपर्यंत मऊ पडतो, तिथे फिलो वाळावा अशी अपेक्षा कशी करणार? म्हणून पापुद्रे हाताने चुरगळून मोठ्या ताटात सैलसर पसरावेत आणि ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसवर साधारण वीस मिनिटे ठेवावेत. त्यांचा रंग बदलता कामा नये. फिलो पुरेसा वाळला की नाही, हे डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळते. मूठभर उचलून दाबला की तो वाळलेल्या पिंपळपानांसारखा कुरकुरला पाहिजे आणि बोटांच्या फटींतून त्याचा चुरा खाली पडला पाहिजे. मुठीत निमूटपणे दबून राहिला आणि मूठ उघडल्यावर सावकाश उलगडू लागला, तर त्याला आणखी दहा मिनिटे द्यावीत.

दुसरी चूक पाकाची. पाकात मुरवायच्या बहुतेक ग्रीक पदार्थांना एक साधा नियम लागू पडतो: दोहोंपैकी एक गरम आणि एक गार. या केकच्या बाबतीत केक गरम आणि पाक पूर्ण गार असावा. गरम केकच्या पोकळ्यांत वाफ आणि तापलेली हवा असते. केक निवू लागला की ती आकसते आणि तिच्या जागी पाक आत ओढला जातो. शिवाय गार पाक दाटसर असतो, त्यामुळे तो हळूहळू उतरतो आणि वाटेतल्या प्रत्येक थरात मुरत जातो. उकळता पाक पाण्यासारखा पातळ असतो. तो वरच्या थरात थांबला नाही, फटींतून थेट तळाला गेला आणि तिथला फिलो त्यात शिजत राहिला; शिरा झाला तो त्यामुळे.

या दोन चुकांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते, आणि आलेल्या बहुतेक पत्रांत ती होती. आपण सगळे याला केक समजून करतो. केक फुगला का, हलका झाला का, मधोमध खचला का, याच काळजीत आपले लक्ष अडकते आणि पाक मात्र ‘वरून घालायची गोष्ट’ म्हणून उरकला जातो. हा पदार्थ पाकातल्या पुऱ्यांच्या आणि चिरोट्यांच्या घरातला आहे, असे समजून तो करायला घ्यावा. पाकातल्या पुऱ्यांच्या पिठात आपण दही घालतो आणि पाकाला लिंबू पिळतो. इथेही दही आहे, लिंबू आहे, फक्त तळण्याऐवजी भाजणे आहे. जिला चिरोट्यांचा पाक साधतो, तिला हा केक अवघड नाही, मग तिने आयुष्यात कधी स्पंज केक केलेला नसला तरी चालेल.

ज्यांचा गेला अंक हुकला, त्यांच्यासाठी मापे पुन्हा देते. ही २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनाची आहेत. फिलो २२५ ग्रॅम, मोठी अंडी दोन, साखर १०० ग्रॅम, सूर्यफुलाचे तेल ११० मिलिलिटर, घट्ट दही १२५ ग्रॅम, संत्र्याचा रस ५० मिलिलिटर, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस आणि बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे. पाकासाठी साखर २०० ग्रॅम, पाणी १५० मिलिलिटर, संत्र्याचा रस ५० मिलिलिटर, दालचिनीचा एक तुकडा आणि लिंबाचा रस एक चमचा.

पाक सर्वांत आधी करावा, ओव्हनला हात लावण्यापूर्वी. साखर विरघळल्यावर मध्यम आचेवर पाच मिनिटे उकळू द्यावा. एकतारी करू नये. चिमटीत धरला की चिकट लागावा, पण तार येऊ नये. लिंबामुळे पाकात पुन्हा साखरेचे कण धरत नाहीत. तो निवेपर्यंत फिलो वाळवून घ्यावा. अंडी आणि साखर फिकट होईपर्यंत फेटावीत, मग तेल, दही, रस आणि कीस घालावा, शेवटी बेकिंग पावडर. त्यानंतर फिलोचा चुरा मूठमूठ सोडत सतत ढवळत राहावे, एकदम ओतू नये. मिश्रण टिनात घालून १७० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजावे. केक बाहेर आला की टिनातच त्याचे चौकोन कापावेत, विणायच्या सुईने जागोजागी टोचावे आणि गार पाक पळीपळीने तीन वेळा घालावा. आधीचा जिरल्याशिवाय पुढचा घालू नये. सुरुवातीला वर तळे झाल्यासारखे दिसते आणि आता सगळे फसले असे वाटते. हात आवरावा. दहा मिनिटांत तळे आटते. पुढे किमान चार तास, आणि शक्य असल्यास रात्रभर, केकला हात लावू नये.

फिलो आमच्या भागात मिळत नाही. समोशाची तयार पट्टी वापरली तर चालेल का?
(नेरूळ)

नाही. समोशाची पट्टी तव्यावर अर्धवट भाजलेली असते आणि फिलोपेक्षा जाडही असते, त्यामुळे ती मिश्रण नीट पीत नाही. मी एकदा हट्टाने करून पाहिले. चव संत्र्याचीच होती, पण मधूनमधून दाताखाली चामड्याच्या वादीसारखे काहीतरी येत होते.

फिलो मोठ्या सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये गोठवलेल्या स्वरूपात मिळतो, आणि घरपोच किराणा देणाऱ्यांकडेही शोधून पाहावा. पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. थेट ओट्यावर ठेवले, तर आपल्या दमट हवेत त्यावर पाणी धरते आणि पापुद्रे एकमेकांना चिकटतात. पापुद्रे फाटले म्हणून मात्र हळहळू नये. बकलावाला अखंड पापुद्रा लागतो, इथे चुराच करायचा असतो. अर्धवट उरलेल्या पाकिटाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

फिलो मिळालाच नाही, तर रव्याकडे वळावे. ग्रीसच्या उत्तरेकडील वेरिया हे गाव ‘रेवानी’ या रव्याच्या पाकातल्या केकसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यात संत्र्याची साल उत्तम लागते. रेवानीत अंडी असतात. बिनअंड्याचा रव्याचा प्रकार पुढच्या उत्तरात दिला आहे.

आमच्या घरी अंडे चालत नाही. सासूबाईंना संत्र्याचे सगळे प्रकार आवडतात, म्हणून त्यांच्यासाठी हा केक करायची फार इच्छा आहे. अंड्याऐवजी काय घालावे?
(नौपाडा, ठाणे)

फिलोच्या केकमध्ये अंडे वगळू नये, असे माझे मत आहे. चुऱ्याला धरून ठेवणारी वस्तू तिथे अंडेच आहे. त्याऐवजी जास्त दही किंवा कॉर्नफ्लोअर घालून केक होतो, पण पाक घातल्यावर चौकोन सुटत नाहीत, चमच्याने वाढावे लागतात. सासूबाईंपुढे ठेवायला आपल्याला ते आवडणार नाही.

सुदैवाने ग्रीकांकडेच याचे उत्तर आहे. त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांत मांस, अंडी आणि दूधदुभते वर्ज्य असते, त्यामुळे बिनअंड्याच्या गोडाची त्यांना जुनी सवय आहे. (आपल्या उपवासाला दूध चालते आणि गहू चालत नाही, त्यांच्याकडे नेमके उलटे!) २७ ऑगस्टला संत फानूरिओस यांच्या नावाने करतात ती ‘फानूरोपिता’ ही अशीच तेल आणि संत्र्याच्या रसातली असते. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ती करण्याची प्रथा आहे. तिला पाक नसतो, म्हणून आपल्या कामाची नाही.

आपण ‘सामाली’ करावी. ती उपवासाची नव्हे, कारण तिच्यात दही आहे. पण अंडे नाही, आणि टिनाला लावण्यापुरते सोडले तर तूपतेलही नाही. उपम्याचा जाडसर रवा २५० ग्रॅम, साखर १७५ ग्रॅम, दही २२५ ग्रॅम आणि दोन संत्र्यांच्या सालीचा कीस एकत्र करून दोन तास झाकून ठेवावे, म्हणजे रवा फुलतो. नंतर अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खाण्याचा सोडा चमचाभर संत्र्याच्या रसात कालवून हलक्या हाताने मिसळावा. तूप लावलेल्या टिनात पसरून वर चौकोनांच्या रेघा पाडाव्यात, प्रत्येक चौकोनावर एक सोललेला बदाम ठेवावा आणि १७० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे, चांगला तांबूस रंग येईपर्यंत भाजावे. पाक वरच्यासारखाच, पण साखर २५० ग्रॅम आणि पाणी व रस मिळून २२० मिलिलिटर घ्यावे. रवा पाक सावकाश घेतो, म्हणून सामाली आदल्या दिवशीच करून ठेवावी.

मूळ सामालीत संत्र्याऐवजी ‘मास्तिहा’ नावाचा सुगंधी डिंक असतो. तो खिओस बेटावरच्या झाडांतून पाझरतो आणि आपल्याकडे युनानी औषधांच्या दुकानांत ‘रूमी मस्तगी’ या नावाने मिळतो. संत्रे आणि मस्तगी एकत्र घालू नयेत. दोघांचे पटत नाही.

नागपुरी संत्री वापरली तर केक किंचित कडू झाला. पुढच्या वेळी बाजारात मिळणारी आयात संत्री घ्यावीत का? आणि मोसंबी चालेल का?
(वाशी)

आपण वाशीत राहता, म्हणजे घाऊक फळबाजार हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा हे उत्तर जरा सविस्तर देते.

ग्रीसमध्ये आर्गोस आणि आर्ता या भागांत पिकणारी संत्री घट्ट सालीची असतात. नागपुरी संत्रे त्यांचे जवळचे नातलग असले, तरी ते मँडरिन या गटातले आहे. त्याची साल सुटी आणि मऊ असते, म्हणून किसणीवर ती सरकते, आपण जोर लावतो आणि रंगीत थराखालची पांढरी साल किसली जाते. कडूपणाचे पहिले कारण हेच. उपाय असा की संत्रे अख्खे असतानाच, सोलण्यापूर्वी, फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून कडक करावे आणि बारीक किसणीवर एका जागी एकदाच फिरवून पुढे सरकावे. खाली पांढरे दिसले की तिथे परत जाऊ नये. दुसरे कारण बिया. फोडी मिक्सरमधून काढल्या की बियाही भरडल्या जातात, म्हणून रस हातानेच पिळावा. तिसरे कारण वेळ: संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होत जातो, आणि बिनबियांच्या नेव्हल जातीच्या संत्र्यांत हे विशेष जाणवते. रस ऐनवेळी काढावा.

मोसंबीबद्दल विचारलेत ते बरे झाले. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मोसंबी ही गोड संत्र्याचीच जात आहे, म्हणजे ग्रीक संत्र्याला नागपुरी संत्र्यापेक्षा तीच जवळची. मात्र तिच्यात आंबटपणा फारच कमी असतो, आणि पाकाच्या गोडीपुढे ती अगदी मिळमिळीत पडते. मी पाकासाठी नागपुरीचा रस घेते आणि जालन्याकडच्या ताज्या मोसंबीची थोडी साल मिश्रणात किसते. ही जोडी मला आयात संत्र्यापेक्षा उजवी वाटते. थंडीत येणारा किन्नूही रसाला चांगला, फक्त बिया पुष्कळ. आयात संत्र्यांचा रंग आणि साल देखणी असते, पण त्यांना बहुधा मेणाचा हात दिलेला असतो. कोमट पाण्यात ब्रशने घासून, पुसून मगच किसावीत.

जाता जाता एक गंमत. ग्रीक भाषेत गोड संत्र्याला ‘पोर्तोकाली’ म्हणतात, ते पोर्तुगालच्या नावावरून. ज्यांच्याकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला, त्याच पोर्तुगीजांच्या देशाचे नाव तिथे फळाला चिकटले आहे. कडू संत्र्याला मात्र ते ‘नेरांत्झी’ म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ शोधत गेले की आपण फारसीतून थेट संस्कृतातल्या ‘नारंग’पाशी पोहोचतो.

माझा लहान ओव्हन आहे. केक वरून काळपट होतो आणि आत कच्चा राहतो.
(ऐरोली)

लहान ओव्हनमध्ये वरची सळी टिनाच्या फार जवळ येते. टिन सर्वांत खालच्या कप्प्यावर ठेवावा, तापमान १६० अंशांवर आणावे, वेळ दहा मिनिटांनी वाढवावा आणि रंग आल्यावर वर फॉइल सैल ठेवावी. पाक घातल्यावर रंग आणखी गडद दिसतो, हेही लक्षात असू द्यावे.

टिनाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगते: तळ निघणारा टिन वापरू नये. मी एकदा वापरला होता. रात्री पाक घालून, केक ओट्यावर झाकून, समाधानाने झोपले. सकाळी केक कोरडा होता, पाक ओट्यावरून कपाटाच्या दारावर ओघळून वाळला होता, आणि खिडकीपासून त्याच्यापर्यंत मुंग्यांची एक शिस्तशीर रांग लागली होती.

तेलाऐवजी साजूक तूप किंवा ऑलिव्ह तेल घालावे का?
(कळवा)

हा केक गारच खातात, आणि तूप फ्रिजमध्ये थिजते. घास तोंडात रवाळ आणि जड लागतो. सूर्यफुलाचे तेल थंडीतही पातळ राहते, म्हणून केक मऊ राहतो. उग्र वासाचे ऑलिव्ह तेल संत्र्याला दाबून टाकते. सौम्य असेल, तर अर्धे-अर्धे घेऊन पाहावे.

दह्याचीही शंका याच पत्रात होती. घरचे दही मलमलीच्या फडक्यात तासभर टांगून ठेवले की पुरते. श्रीखंडाच्या चक्क्याइतके कोरडे करू नये, नाहीतर मिश्रण इतके घट्ट होते की फिलो ढवळताना डाव वाकतो. दही आंबट असेल तर घाबरू नये. पाकाच्या गोडीला ते बरेच असते.

आमच्याकडे इतके गोड कोणी खात नाही. पाकातली साखर निम्मी केली तर?
(कोपरखैरणे)

पाकातली साखर निम्मी केली की पाक उरत नाही, सरबत होते. ते केक भिजवते, मुरत नाही, आणि असा केक दोन दिवसांत आंबूसही होऊ शकतो. कमी करायचीच असेल, तर मिश्रणातली साखर १०० ग्रॅमवरून ६० ग्रॅमवर आणावी; तिथे ती फारशी अडत नाही. पाकात लिंबाचा रस एक चमचा वाढवावा. आणि चौकोन लहान कापावेत, बर्फीच्या वडीएवढे. ग्रीक लोक बरोबर व्हॅनिला आइस्क्रीम देतात. आपल्या घरी त्याऐवजी फेटलेले, बिनसाखरेचे घट्ट दही चमचाभर द्यावे. झाकून फ्रिजमध्ये ठेवला, तर हा केक चार-पाच दिवस चांगला राहतो, आणि माझ्या मते दुसऱ्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो.